पहिली व्हॉली

टेनिसच्या जुन्या सामन्यांची चित्रमुद्रणे पाहताना माझी नजर आता एका ठरावीक जागी जाऊन थांबते. सर्व्हिस करणारा खेळाडू चेंडू मारून कोर्टात उतरलेला असतो, त्याची तीन-चार पावले पडलेली असतात आणि सर्व्हिस लाइनच्या आगेमागे कुठेतरी दोन्ही पायांवर तोल सावरून तो निमिषभर थबकतो. त्याच वेळी परतीचा फटका त्याच्या पायाशी, पोटाशी किंवा हात पोहोचेल-न-पोहोचेल अशा अंतरावर येतो आणि टप्पा पडू न देता त्याला तो पलीकडे द्यावा लागतो. ही पहिली व्हॉली. सर्व्ह अँड व्हॉली (सर्व्हिस करताच जाळ्याकडे धावून चेंडू टप्प्याआधी मारणे) या शैलीचे कौतुक करणारे बहुतेक लोक सर्व्हिसच्या वेगाविषयी बोलतात, नाहीतर जाळ्याजवळ मारलेल्या सुरांविषयी; परंतु ही शैली बहरात होती त्या काळातील मोठे सामने पुन्हा पुन्हा पाहून माझे मत असे झाले आहे की तिचा प्राण या मधल्या, फारशा टाळ्या न मिळवणाऱ्या फटक्यात होता.

हा फटका किती अवघड आहे हे समजण्यासाठी कोर्टाची मापे लक्षात घ्यावी लागतात. बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या टोकाच्या रेषेपासून, जाळे ३९ फुटांवर असते आणि जाळ्यापासून सर्व्हिस लाइन २१ फुटांवर. म्हणजे सर्व्हिस करून नुसत्या सर्व्हिस लाइनपर्यंत पोहोचायचे तरी १८ फूट ओलांडायचे असतात आणि त्यासाठी हाताशी वेळ असतो तो जेमतेम एक सेकंदाचा, फार तर थोडा अधिक. म्हणून या पंथाचे खेळाडू सर्व्हिससाठी चेंडू डोक्यावर सरळ न उडवता पुढे, कोर्टाच्या आत उडवत असत. तो गाठण्यासाठी शरीर आपोआप पुढे झेपावे, फटका बसताच पाय रेषेच्या आत पडे आणि धाव सर्व्हिसच्या पोटातच सुरू झालेली असे. सर्व्हिस कुठे टाकायची हेसुद्धा व्हॉलीच्या हिशेबाने ठरे. मध्यरेषेवर टाकली तर प्रतिस्पर्ध्याला कोन मिळत नाही, थेट अंगावर टाकली तर त्याला हात मोकळा करता येत नाही, आणि बाहेरच्या बाजूला टाकली तर अर्धे कोर्ट रिकामे होते, पण आपली एक बाजूही उघडी पडते. ज्या दिशेला सर्व्हिस गेली त्या दिशेला थोडे कलत पुढे जायचे, प्रतिस्पर्ध्याची रॅकेट चेंडूला लागण्याच्या वेळी थबकायचे आणि तेथून डावीकडे की उजवीकडे ते ठरवायचे. रॅकेटची पकड बदलायला वेळ नसतो, हात मागे नेऊन झोका घ्यायलाही नसतो.

यानंतरचा भाग सर्वांत नाजूक. जाळ्याची उंची मध्यभागी तीन फूट असते आणि चांगला परतीचा फटका व्हॉली मारणाऱ्याला गुडघ्याच्या खाली भेटतो. खालून वर जाणारा चेंडू जोरात मारता येत नाही, कारण तो बाहेर जाईल. आणि हळुवार उचलला तर प्रतिस्पर्ध्याला पुढच्या फटक्यासाठी मनसोक्त वेळ मिळेल. या कात्रीतून सुटण्याचा मार्ग एकच होता: गुडघे जमिनीला टेकतील इतके वाकायचे, रॅकेटचे तोंड किंचित उघडायचे आणि चेंडूला त्याच्याच वेगावर बेसलाइनजवळ, कमी उसळेल असा सोडायचा. पहिल्या व्हॉलीने गुण क्वचितच मिळे. तिने दुसरी व्हॉली सोपी होई, आणि टाळ्या दुसरीला पडत.

या शैलीमागे हौसेपेक्षा हिशेब अधिक होता. गवतावर चेंडू कमी उसळतो आणि घसरत पुढे जातो. शिवाय स्पर्धेचा दुसरा आठवडा उजाडेपर्यंत झिजलेल्या जागी तो कसा वागेल याचा भरवसा राहत नाही. ज्या टप्प्यावर विश्वास ठेवता येत नाही तो पडूच न देणे, हा त्यावरचा सरळ उपाय होता. १९७४ पर्यंत चारपैकी तीन ग्रँड स्लॅम स्पर्धा गवतावर होत असत. अमेरिकन ओपनने १९७५ मध्ये गवत सोडले, ऑस्ट्रेलियन ओपनने १९८८ मध्ये. तोपर्यंत ज्याला मोठे व्हायचे होते त्याला जाळ्याकडे धावणे शिकावेच लागे. १९४७ चा विम्बल्डन विजेता जॅक क्रेमर याने प्रत्येक सर्व्हिसमागे पुढे जाण्याच्या या खेळाला पद्धतीचे रूप दिले आणि त्याच्या पुढच्या पिढ्यांनी ती पद्धत आपली मानली. विम्बल्डनच्या जुन्या चित्रांत सेंटर कोर्टावर बेसलाइनपासून सर्व्हिस लाइनच्या पुढपर्यंत गेलेला तपकिरी पट्टा स्पष्ट दिसतो. खेळाडूंच्या पावलांनी तेथले गवत उडालेले असे. आजच्या अंतिम सामन्यांत गवत झिजते ते बेसलाइनवर, आणि पुढचा भाग जवळजवळ हिरवागार राहतो. या दोन चित्रांइतका बोलका इतिहास मला दुसरा ठाऊक नाही.

पांचो गोन्झालेस आणि चार्ली पासारेल यांच्यातील १९६९ चा विम्बल्डनचा सामना त्या तपकिरी पट्ट्याच्या काळातला. २२-२४, १-६, १६-१४, ६-३, ११-९ असा त्याचा निकाल आहे. ६-६ अशा बरोबरीनंतर सेटचा निकाल लावणारा टायब्रेक अजून यायचा होता, सामना दोन दिवस चालला, एकूण ११२ गेम्स झाले आणि जिंकलेला गोन्झालेस ४१ वर्षांचा होता. त्याने सात मॅच पॉइंट, म्हणजे आणखी एक गुण गेला तर सामनाच जाईल असे क्षण, वाचवले. त्या वयात, इतक्या वेळा, सर्व्हिस करून पुढे धावणे आणि पायाशी आलेला चेंडू वाकून उचलणे, यात मला पराक्रमाइतकीच शिस्तही दिसते.

ही शैली केवळ उपजत आक्रमकांची होती, हा समज ब्यॉन बोर्गचा खेळ पाहिला की टिकत नाही. बोर्ग हा मुळात बेसलाइनचा माणूस. फ्रेंच ओपन त्याने सहा वेळा जिंकली ती मागे उभे राहून, संयमाने, चेंडूमागून चेंडू परत करत. तोच बोर्ग काही आठवड्यांनी विम्बल्डनला आला की पहिल्या सर्व्हिसमागे जाळ्याकडे जाई, आणि असे करून त्याने १९७६ ते १९८० अशी सलग पाच विजेतेपदे मिळवली. १९८० च्या अंतिम सामन्यातील चौथ्या सेटचा टायब्रेक सर्वांच्या स्मरणात आहे. जॉन मॅकेन्रोने तो १८-१६ असा जिंकला आणि त्या सेटमध्ये बोर्गच्या हातून एकूण सात मॅच पॉइंट निसटले. मला मात्र त्यानंतरचा पाचवा सेट अधिक मोलाचा वाटतो. पहिल्याच गेममध्ये बोर्ग आपल्या सर्व्हिसवर ०-३० असा मागे पडला. इतके गमावलेल्या माणसाने बेसलाइनच्या आश्रयाला जाणे स्वाभाविक ठरले असते. त्याऐवजी त्याने त्या सेटमध्ये आपल्या सर्व्हिसवर सलग १९ गुण जिंकले आणि सामना १-६, ७-५, ६-३, ६-७, ८-६ असा खिशात घातला. त्याच्या व्हॉलीत मॅकेन्रोचे लालित्य नव्हते. ती शिकून, घोटून मिळवलेली होती, आणि म्हणूनच तिच्याविषयी मला विशेष आदर वाटतो.

मॅकेन्रोचे हात हा मात्र निराळाच विषय आहे. सर्व्हिस करताना तो जवळजवळ पाठमोरा उभा राही, आणि त्याची डावखुरी, बाहेर वळत जाणारी सर्व्हिस प्रतिस्पर्ध्याला प्रेक्षकांपर्यंत ओढून नेई. सर्व फटके तो साधारण एकाच पकडीने खेळत असल्याने व्हॉलीसाठी त्याला काही बदलावेच लागत नसे. चेंडू त्याच्या रॅकेटवर आदळत नाही, क्षणभर विसावतो, असे पाहणाऱ्याला वाटते. १९८४ मध्ये तो ८२ सामने जिंकला आणि फक्त तीन हरला. त्या तिनांतला एक पराभव मला त्या वर्षीच्या सगळ्या विजयांपेक्षा अधिक शिकवून जातो. पॅरिसच्या लाल मातीवर, जेथे टप्पा उंच आणि संथ असतो आणि परतीचा फटका मारणाऱ्याला वेळच वेळ मिळतो, तेथे त्याने फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात इव्हान लेंडलविरुद्ध पहिले दोन सेट ६-३, ६-२ असे घेतले. त्या दोन सेटमधील व्हॉली म्हणजे मातीवर गवताचा खेळ कसा शक्य आहे याचे प्रात्यक्षिक होते. पुढे लेंडलने तिन्ही सेट जिंकून सामना फिरवला आणि मॅकेन्रोला फ्रेंच विजेतेपद कधीच मिळाले नाही. पाच वर्षांनी स्टीफन एडबर्ग त्याच कोर्टावर अंतिम सामन्यात १७ वर्षांच्या मायकेल चँगविरुद्ध दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता आणि तोही हरला.

एडबर्गपाशी मी नेहमीच जास्त रेंगाळतो. पहिल्या व्हॉलीचा त्याच्याइतका परिपूर्ण कारागीर मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्याचे रहस्य वेगात नव्हते, वेग कमी करण्यात होते. सर्व्हिस जितकी वेगवान तितका चेंडूही लवकर परत येतो आणि पुढे धावायला वेळ तितकाच कमी मिळतो, ही गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटते. एडबर्ग पाठ कमानीसारखी वाकवून चेंडूला फिरकी देई. तो चेंडू हवेतून सावकाश जाऊन टप्प्यानंतर खांद्याच्या उंचीवर उसळे, आणि तोपर्यंत एडबर्ग सर्व्हिस लाइन ओलांडून दोन पावले आत आलेला असे. त्या दोन पावलांमुळे पायाशी येणारा चेंडू त्याला मांडीच्या उंचीवर भेटे. बोरिस बेकरची गोष्ट वेगळी होती. त्याची सर्व्हिस तोफेसारखी सुटे, पण परत आलीच तर तितक्याच लवकर येई. म्हणून त्याला बरेचदा मागेच अडकून, हात लांबवून किंवा अंग झोकून व्हॉली घ्यावी लागे. १९८५ मध्ये बिगरमानांकित असताना, अवघ्या १७ व्या वर्षी विम्बल्डन जिंकणाऱ्या बेकरचे सूर जगाने डोक्यावर घेतले ते योग्यच होते. तरी त्यातले काही सूर असे होते जे एडबर्गला मारावेच लागले नसते.

या दोघांनी १९८८, १९८९ आणि १९९० असे सलग तीन विम्बल्डन अंतिम सामने एकमेकांशी खेळले. १९८८ चा एडबर्गने, १९८९ चा बेकरने जिंकला आणि १९९० चा सामना पाच सेटपर्यंत गेला. पहिले दोन सेट एडबर्गचे, पुढचे दोन बेकरचे, आणि पाचव्यात बेकर ३-१ असा पुढे. तेथून एडबर्गने ६-४ असा सेट आणि सामना परत आणला. त्यापुढच्या वर्षीच्या उपांत्य सामन्याचा निकाल तर मला अजूनही हलवून सोडतो. मायकेल स्टिचविरुद्ध एडबर्गने पूर्ण सामन्यात एकदाही आपली सर्व्हिस गमावली नाही आणि तरीही तो ४-६, ७-६, ७-६, ७-६ असा हरला. चार सेट तो प्रत्येक वेळी पुढे गेला, प्रत्येक गेम राखला, आणि तीन टायब्रेकनी त्याच्याकडून मुकुट काढून घेतला. ही शैली किती थोड्या गुणांवर तोललेली असते हे त्या धावफलकावरून कळते.

स्त्रियांच्या टेनिसमध्ये या शैलीचा कळस मार्टिना नवरातिलोवा. नऊ विम्बल्डन एकेरी विजेतेपदे, आणि बेसलाइनवर खिळून खेळणाऱ्या ख्रिस एव्हर्टशी ८० सामने, ज्यांतले ४३ मार्टिनाने आणि ३७ एव्हर्टने जिंकले. याना नोव्होत्नाची कथा त्याहून हळवी. १९९३ च्या अंतिम सामन्यात स्टेफी ग्राफविरुद्ध ती तिसऱ्या सेटमध्ये ४-१ अशी पुढे होती, ५-१ साठी तिच्याकडे गेम पॉइंट होता आणि तेथे तिच्याकडून डबल फॉल्ट झाला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकल्या. त्यानंतर व्हॉली आणि स्मॅश दोन्ही बिघडत गेले. पुष्कळांनी तिला मनाने कच्ची ठरवले. मला ते पटत नाही. बेसलाइनवरच्या खेळाडूचा हात आखडला तर तो चेंडू सुरक्षित खेळून वेळ काढू शकतो. जाळ्याकडे जाणाऱ्याला लपायला जागाच नसते, त्याची भीती पहिल्याच व्हॉलीत सर्वांना दिसते. तीच नोव्होत्ना त्यानंतरही आपली शैली न सोडता पुढे जात राहिली आणि १९९८ मध्ये नाताली तोझियाला हरवून तिने तो चषक मिळवला.

या शैलीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अर्धा खरा आहे. १९९० च्या दशकात विम्बल्डनचे काही सामने बिनतोड सर्व्हिसच्या रांगेसारखे झाले. सर्व्हिस परतच येत नसेल तर व्हॉलीही होत नाही, आणि असे सामने मीही चिकाटीने पाहू शकत नाही. परंतु तो दोष व्हॉलीच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. पॅट्रिक राफ्टर आणि आंद्रे अगासी यांचे विम्बल्डनचे तीन उपांत्य सामने पाहावेत. १९९९ चा अगासीने सरळ जिंकला. २००० आणि २००१ चे राफ्टरने पाच-पाच सेटमध्ये, दुसरा तर ८-६ असा शेवट करून. राफ्टरकडे अजिंक्य सर्व्हिस नव्हती आणि समोर त्या काळातला सर्वोत्तम परतीचा फटका होता. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक गुणात पहिली व्हॉली खेळावीच लागे. अगासी चेंडू पायाशी मारी, राफ्टर वाकून उचले. अगासी बाजूने काढी, राफ्टर पुढच्या गुणाला पुन्हा तिथेच हजर होई. दोन परस्परविरोधी विचार एकमेकांची परीक्षा घेत आहेत हे ज्या खेळात डोळ्यांना दिसते, तो मला सर्वांत समृद्ध वाटतो. आणि मागच्या वीस वर्षांतील उत्तमोत्तम सामन्यांतसुद्धा मला उणीव जाणवते ती या विरोधाची.

२००१ मध्येच चौथ्या फेरीत १९ वर्षांच्या रॉजर फेडररने सात वेळच्या विजेत्या पीट सॅम्प्रसला ७-६, ५-७, ६-४, ६-७, ७-५ असे हरवले. त्या सामन्यात दोघेही सर्व्हिसमागे पुढे येतात. नंतरच्या फेडररला ओळखणाऱ्याला ते दृश्य चकित करते. पुढच्याच वर्षी लेटन ह्युईट आणि डेव्हिड नालबांडियन हे बेसलाइनवरून खेळणारे दोघे अंतिम सामन्यात समोरासमोर आले. बदल इतक्या झपाट्याने झाला त्याला कारणे होती. विम्बल्डनने २००१ पासून दोन जातींच्या मिश्र गवताऐवजी पूर्णपणे राय गवत लावले, जमीन टणक झाली आणि टप्पा उंच व भरवशाचा होऊ लागला. त्याच सुमारास रॅकेटला लावायच्या पॉलिस्टरच्या तारा सर्वत्र पसरल्या; त्यांनी इतका टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेची फिरकी, देता येऊ लागला की जोराने मारलेला चेंडू जाळे ओलांडताच खाली बुडी मारून धावत येणाऱ्याच्या पायाशी पडे. म्हणजे घाव नेमका पहिल्या व्हॉलीवर बसला. शिवाय हे कौशल्य उशिरा फळते. सॅम्प्रसने किशोरवयात दोन हातांचा बॅकहँड सोडून एका हाताचा घेतला तो विम्बल्डनवर डोळा ठेवून, आणि त्यापायी तो त्या वयात पुष्कळ सामने हरला. आज कोवळ्या वयातच क्रमवारीची चिंता करणाऱ्या मुलाला इतके दिवस हरत राहण्याची मुभा कोण देणार?

तरीही ही शैली संपलेली नाही. २०२३ च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात डॅनिल मेदवेदेव परतीच्या फटक्यासाठी बेसलाइनच्या खूप मागे उभा राहत होता आणि ३६ वर्षांचा नोव्हाक जोकोविच दीड तासाहून लांबलेल्या दुसऱ्या सेटमध्ये दमलेला स्पष्ट दिसत होता. लांबलचक रॅली टाळण्यासाठी तो वारंवार सर्व्हिसमागे पुढे गेला आणि त्या सेटचा टायब्रेक जिंकून सामनाही तीन सेटमध्ये संपवला. मात्र त्या व्हॉली पाहताना फरक लक्षात येतो. मेदवेदेव इतका दूर होता की चेंडू जोकोविचला बऱ्याचदा कमरेच्या उंचीवर, सावकाश भेटत होता आणि समोरचे कोर्ट रिकामे होते. विम्बल्डनला कार्लोस अल्काराझनेही त्याच वर्षी मेदवेदेवविरुद्ध याच रिकाम्या जागेचा फायदा घेतला होता. परतीचा फटका मारणारे जोवर इतके मागे उभे राहतील तोवर अशी व्हॉली पुरेशी आहे. ते पुन्हा बेसलाइनला खेटून उभे राहिले आणि अगासीप्रमाणे चेंडू पायाशी मारू लागले, तर मात्र या खेळाडूंना गुडघे वाकवून, १९९० च्या एडबर्गला भेटत असे तो चेंडू उचलावा लागेल, आणि ते कोणाकोणाला जमते हे पाहण्याची मला मनापासून उत्सुकता आहे.